खिडकीतला हात

बोरी गाव संपतं आणि बाभळी सुरू होतात, तिथं कासाबाईचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, शेडाला लागून मेंढरं-शेरडांचा वाडा. नवरा अंगद मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा आणि कासाबाई शेरडं सांभाळून वर लोकांच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची. बाई तोंडाची लय फटकळ. सरपंच असो की साहेब, कुणाचा मुलाहिजा म्हणून ठेवायची नाही. एकुलती लेक भक्ती सेलूला दिलेली. ती माहेरी आली की दारातूनच विचारायची, "माय, आज कुणासंगं भांडलीस?" आणि कासाबाई एखादं नाव सांगायचीच.

पण मेंढी अडली की तिचं तोंड बंद आणि हात सुरू. लांब, हाडकुळा, उन्हानं करपलेला हात. आडवं आलेलं कोकरू ती आतल्या आत फिरवायची आणि अलगद बाहेर ओढायची. शेजारच्या गावचे लोक मोटरसायकलवर बसवून तिला न्यायचे. अंगद चेष्टा करायचा, "हात तर गड्याचा हाय तुजा. देवानं बांगड्या चुकून भरल्या." ती हातभर हिरव्या बांगड्या त्याच्या कानाशी खणखण वाजवायची. "तुमच्याच नावाच्या हायत ह्या, आन् तुमीच हसा!" दिवसभर त्या बांगड्या वाजत राहायच्या. कासाबाई कुठं आहे ते गावाला आवाजावरून कळायचं.

तिचा एक हट्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होता. आजारी जितराब ती कळपातून वेगळं करू द्यायची नाही. जनावरांचे डॉक्टर बजावून सांगायचे, खोकल्याची ढास लागलेली मेंढी बाजूला बांधा म्हणून. कासाबाई मान डोलवायची. डॉक्टरांची गाडी वळली रे वळली की मेंढी परत कळपात. "एकटी पडली की जीव सोडती ती," म्हणायची. एका हिवाळ्यात या हट्टापायी वाड्यातली कितीक चांगली मेंढरं ढासेनं गेली. जी आधी आजारी होती ती मात्र वाचली. आता बघा, माणसाचं डोकं कसं चालतं! कासाबाईनं नेमकी ती वाचलेली मेंढीच ध्यानात ठेवली. गेलेली मेंढरं अंगदनं पुरली, आणि त्या गोष्टीवर पुन्हा कुणी बोललं नाही.

मग करोनाची ती दुसरी लाट आली. चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि गल्लीगल्लीतून खोकल्याचे आवाज येत होते. कासाबाईच्या शेजारचे तात्याराव आधी गेले. गेले म्हणजे आपल्या पायानं दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसले. जाताना बायकोला ओरडून सांगत होते, "बैलांना येळंवर पाणी पाज गं." गाडी परभणीला गेली. माणूस परत आला नाही आणि त्याची मातीही गावात आली नाही. फोनवर खबर आली आणि बायनाबाईनं, त्यांच्या बायकोनं, अंगणातल्या दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. कुडाच्या अलीकडून कासाबाई बघत होती. जवळ जायची सोय नव्हती. "त्वांड सुदीक दाखवलं न्हाई गं माय मला," बायनाबाई म्हणत राहिली. कासाबाईच्या काळजात ते जे रुतलं ते कायमचं. तिनं मनाशी गाठ मारली. आपल्या घरचं माणूस त्या गाडीत बसवायचं नाही. मरो की जगो, डोळ्यांपुढं.

आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच अंगद तापानं फणफणला.

गावात शीला नावाची आशाताई होती. गावचीच सून, लहानखुरी, पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडणारी. तपासणीत अंगदचं नाव निघालं, तशी ती आली. ओट्यावर बसवून तिनं त्याच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. लाल उजेड पडला, आकडे नाचले आणि थांबले.

"एक्क्याण्णव," शीला म्हणाली. "आत्याबाई, हे रक्तातल्या ऑक्सिजनचं माप हाय. पंच्याण्णव-सत्त्याण्णव पाहिजे. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखान्यात न्यायचं असतंय. पर आज परभणीत खाट मिळंना कुठं. मामांना पालथं झोपवा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या येळंवर द्या. उद्या यापेक्षा खाली आला तर मी गाडी बोलावणार. मग तुमी कितीबी भांडा."

कासाबाई भांडली नाही. तिथंच शीलानं ओळखायला पाहिजे होतं. जी बाई साध्या गोष्टीवर गल्ली डोक्यावर घेते, ती गप राहिली म्हणजे काहीतरी शिजतंय. पण शीलाला त्या दिवसांत स्वतःचं नाव आठवायला सवड नव्हती. तिला किती घरं, आणि घराघरांत तेच.

शीलानं एक शिस्त घालून दिली होती. आजाऱ्याच्या खोलीत तिनं जायचं नाही, खिडकीतून यंत्र आत द्यायचं. पण आकडा तोंडी सांगितलेला चालणार नाही. एका घरात लोकांनी भीतीपोटी खोटा आकडा सांगितला होता आणि त्या घरातला माणूस हातचा गेला होता. म्हणून यंत्र लावलेला हात खिडकीतून बाहेर काढायचा, शीला लांबूनच वाचणार. शिस्त चोख होती. पण तिनं आकडा तपासला, हात तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी शीलाची हाक यायच्या आधी कासाबाईनं उजव्या हाताला गोडेतेल चोपडलं. अंगदला धाप लागली होती. बरगड्या भात्यासारख्या खालीवर होत होत्या आणि ओठांवर काळसर झाक आली होती. एक्क्याण्णव कुठलं, त्याच्या किती खाली गेलं असेल हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. आयुष्यभर जितराबाचे श्वास ऐकलेली बाई ती. तिनं एकेक बांगडी ओढून काढायला सुरुवात केली. नवरा जिता असताना हात मोकळा करायचा म्हणजे काय, ते बायामाणसांना सांगावं लागत नाही. शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडाला अडकली आणि कट् करून तुटली. तुटली, फुटली असं म्हणू नये. "वाढली," कासाबाई स्वतःशीच पुटपुटली. पण तुकडे उचलताना तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

मग तिनं अंगदचा लांब बाह्यांचा सदरा हातात चढवला. मनगटावरचं गोंदण झाकलं. यंत्र आपल्या बोटाला लावलं आणि हात खिडकीबाहेर काढला.

"सत्त्याण्णव!" बाहेरून शीला जवळजवळ ओरडलीच. "मामा, एका रातीत एवढा फरक! गोळ्या लागू पडल्या. बरं वाटायलंय ना?"

"डोळा लागला हाय त्यांचा," कासाबाई आतून म्हणाली. "हात मी धरलाय."

यात खोटं काय होतं? हात तिनंच तर धरला होता. आता या बाईला काय म्हणावं! शिव्या घालाव्यात तर तिचं ते तेलकट, ओकंबोकं मनगट डोळ्यांपुढं येतं. आणि कौतुक करावं तर पलंगावर तो माणूस श्वासासाठी झगडत होता. ज्याला खाट हवी होती त्याच्या नावावर सत्त्याण्णव लागलं आणि खाट दुसऱ्याला गेली.

त्यानंतर रोज तेच. तेलाचं बोट फिरवायची गरजही उरली नाही, कारण उजव्या हातात तिनं बांगड्या परत घातल्याच नाहीत. त्या खुंटीला दोऱ्यात अडकवून ठेवल्या. डाव्या हातातल्या तेवढ्या वाजायच्या, म्हणून खिडकीशी जाताना ती डावा हात पदरात गुंडाळायची. शीला म्हणायची सत्त्याण्णव, कधी शहाण्णव. कासाबाईला आकडे वाचता यायचे नाहीत. शीलाच्या सुरावरून ती समजायची. आणि एवढे दिवस तिनं एकदाही ते यंत्र अंगदच्या बोटाला लावलं नाही. तिची छातीच झाली नाही. ती त्याला पालथं झोपवायची, पाठीवरून हात फिरवायची, कण्यांची पेज चमच्या-चमच्यानं भरवायची. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन श्वास ऐकायची. श्वास येतोय ना? येतोय. मग झालं.

तोंडाशी तोंड नेऊन! कुणी सांगावं तिला? ती ऐकणारी असती तर ना.

एका दुपारी तिनं मिरचीचा ठेचा केला. भाकरीबरोबर खाल्ला, पण तोंडाला काही लागलं नाही. अजून मिरच्या घातल्या, मीठ घातलं, परत खाल्ला. माती खाल्ल्यासारखं. "औंदाच्या मिरचीत दम न्हाई," म्हणाली आणि ताट सारलं. हापशावरून घागर आणताना पहिल्यांदाच मधे टेकावं लागलं. बाभळीच्या बुंध्याला धरून उभी राहिली, डोळ्यांपुढं अंधारलं, मग गेलं. सेलूहून भक्तीचा फोन आला. बापाची विचारपूस करता करता पोरगी थांबली.

"माय, बोलताना तुलाच दम लागायलाय."

"चुलीचा धूर हाय गं."

"तू बी बोटाला लावून बघ की ते. शीलावहिनीला म्हण."

"मला काय धाड भरली? घोड्यावानी हाय मी," कासाबाई म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ खोकत बसली.

आणि एक सकाळ उजाडली. शीलाची हाक आली, यंत्र आत आलं, सदरा चढवलेला हात बाहेर गेला. रोजच्यासारखा आवाज यायला हवा होता. आला नाही. वाड्यातलं एक कोकरू ओरडलं, तेवढंच.

"किती हाय गं?" कासाबाईनं आतून विचारलं.

"मामा, हात हालवू नका." शीलाचा आवाज बदलला होता. "आत्याबाई, काढा ते. बोट पुसा, परत लावा."

तिनं काढलं, पुसलं, परत लावलं.

"चौऱ्यांशी," शीला म्हणाली. "अगं बाई... काल तर शहाण्णव होतं. आत्याबाई, आता ऐकायची न्हाई मी. गाडी बोलावते."

शीला फोन लावायला लागली. कासाबाईनं सापावर पाय पडल्यासारखा हात आत ओढला. तिच्या मनात एकच आलं. यंत्रानं चोरी धरली! अंगदची गत याला कुठून तरी कळली. आता गाडी येणार, यांना नेणार, आणि बायनाबाईसारखं आपण दगडावर हात आपटायचे. चौऱ्यांशी हा आकडा आपल्याच बोटातून निघालाय, आपल्याच रक्ताचा आहे, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. कसं शिरणार? इतके दिवस ते बोट तिचं नव्हतंच. अंगदच्या नावावर उसनं दिलेलं होतं.

बाहेर शीला फोनवर पत्ता सांगत होती. घाबरलेलं माणूस काय करील? कासाबाईला दुसरं चांगलं बोट हवं होतं आणि त्या खोलीत दुसरं बोट एकाच माणसाचं होतं. जे करायला ती रोज भ्यायली ते तिनं त्या घाईत केलं. पलंग फरफटत खिडकीशी ओढला, यंत्र अंगदच्या बोटाला लावलं आणि त्याचा हात धरून बाहेर काढला.

"शीला! नीट बसलं नव्हतं ते. आता बघ."

कासाबाईनं डोळे मिटले. खंडोबा, बिरोबा, आठवतील तेवढे देव आठवले.

"पंच्याण्णव," शीला म्हणाली. मग जरा थांबून, "पंच्याण्णवच हाय. ठरलंय तिथंच. मामा, बोटं हालवा बरं? हां. घामानं सरकलं असंल मघाशी." आणि तिनं फोनवर सांगितलं, "न्हाई, इकडं नको आता. पेशंट बरा हाय."

गाडी दुसऱ्या गावाकडं वळली. शीला यंत्र घेऊन बायनाबाईच्या दाराकडं गेली.

कासाबाई पलंगाच्या पायाशी मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. पंच्याण्णव! खरा, त्याच्या स्वतःच्या बोटाचा! म्हणजे माणूस तगला. तिनं पालथं झोपवलेला, पेज भरवलेला, कळपातून न तोडलेला तिचा माणूस वाचला होता. दुनियेतलं कुणी तिच्याइतकं सुखी नव्हतं त्या घटकेला. तिनं धडपडत उठून ताकातल्या कण्या वाढल्या आणि अंगद आपल्या हातानं खायला लागला. आजारात पहिल्यांदाच.

खाता खाता त्याची नजर तिच्या हातावर गेली. घास तसाच राहिला.

"तुज्या बांगड्या कुठं गेल्या गं?"

"खुंटीला हायत."

"का? मी मेलो का?"

"अवो, असं वंगाळ बोलू नगा!" ती म्हणाली, आणि मग तिला राहवेना. सगळं सांगून मोकळी झाली. तेल, सदरा, खिडकी, सत्त्याण्णव. सांगताना हसत होती, मधेच खोकत होती, दम घेत होती. शीलाला कसं बनवलं, यंत्राला कसं बनवलं. "आज तेवढं उलटलं बगा माझ्यावर. मेलं चौऱ्यांशी का काय दाखवायलं. मग तुमचा हात लावला तवा कुठं..."

अंगद कमी बोलणारा माणूस. त्याला उभ्या जन्मात मेंढरांच्या मोजणीत कुणी फसवलं नव्हतं. तो तिच्याकडं बघत राहिला. तिच्या ओठांकडं, तिच्या नखांकडं. तीच काळसर झाक.

"मग ते चौऱ्यांशी कुणाचं?" त्यानं विचारलं.

कासाबाईनं आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरला आणि उलटा-सुलटा करून बघितला. जणू दुसऱ्याच कुणाचा असावा. मग हळूच पदराखाली घातला.

"मला काय हुतंय," ती म्हणाली. आवाज मात्र बसला होता.

"शीला!" अंगद ओरडला. ओरडला म्हणजे काय, छातीत वारा नव्हता, नुसतं घरघरलं. तो पलंगावरून उतरला, भिंतीला धरत दारापर्यंत गेला.

"ओरडू नगा! अवो, नेतील मला! तात्यारावांवानी नेतील!" ती त्याचा सदरा ओढत होती. त्या ओढण्यात जोरच नव्हता. चाळीस किलोची मेंढी उलथवणारी बाई, आणि तापातून उठलेल्या माणसाला तिला रोखता येईना. अंगदनं दार उघडलं आणि पुन्हा हाक मारली. ती हाक बायनाबाईनं ऐकली आणि शीलाला पाठवलं.

या वेळी शीला खिडकीशी थांबली नाही. सरळ आत आली. कासाबाईचा हात तिनं स्वतःच्या हातात घेतला आणि यंत्र लावलं. मनगटावरचं गोंदण तिला दिसलं, बांगड्यांचे फिके वळ दिसले. तिला सगळं एकदम उमगलं. "आत्याबाई, काय केलंत हो हे," एवढंच म्हणाली. आकडा मात्र तिनं मोठ्यानं वाचला नाही.

फोन लावला. मघाशी नको म्हटलेली गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघून गेली होती. दुसरी येईपर्यंत थांबायचं होतं. ते थांबणं ज्यांनी बघितलं ते आजही त्यावर बोलत नाहीत. ऊन वर चढत गेलं. शीला तिला पालथी झोपवत होती आणि कासाबाई मान वळवून वळवून सांगत होती, "मेंढरांना पाणी पाजा कुणीतरी. गाभणी शेरडी सावलीला बांधा." कुडापलीकडं उभ्या असलेल्या बायनाबाईनं ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून ती आत निघून गेली.

गाडी आली तेव्हा कासाबाईला उभं राहता येत नव्हतं. अंगदनं खुंटीवरच्या बांगड्या काढून आणल्या. तिचा उजवा हात धरून त्यात घालायला लागला. पण तिचा हात सुजला होता आणि गाडीवाले घाई करत होते. एकही बांगडी आत जाईना. अंगद सगळ्यांसमोर लेकरासारखा रडायला लागला.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "आल्यावर भरते. तुमी कण्या खावा. ताटात तशाच हायत."

दार लागलं. परभणीच्या रस्त्याला गाडी लागली तशी आतल्या तरुण डॉक्टरनं तिच्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि उजवा हात ओढून बोटाला यंत्र लावलं. आकड्याकडं बघून त्याचा चेहरा उतरला. तिला बोलतं ठेवावं म्हणून तो काहीतरी विचारू लागला. नाव काय, गाव काय. मग त्याची नजर तिच्या ओक्याबोक्या मनगटावर गेली.

"घरी कुणी न्हाई का मावशी? मालक... वारले का?"

कासाबाईनं डोळे उघडले. अंगात होता नव्हता तेवढा जीव गोळा केला, मास्क खाली ओढला. डावा हात चादरीतून बाहेर काढला आणि त्या पोराच्या कानाशी नेऊन बांगड्या खणखण वाजवल्या.

"हायत की," ती म्हणाली. "घरी हायत. पंच्याण्णव हायत."